कोलकात्याचे सांडपाणी आणि पूर्वेकडील पाणथळ प्रदेश

कोलकाता महानगराच्या जुन्या भागातून दररोज बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याचा मोठा हिस्सा कोणत्याही यांत्रिक शुद्धीकरण केंद्रात जात नाही. कालव्यांवाटे तो शहराच्या पूर्वेस नेला जातो आणि त्यातील बरेचसे पाणी तेथील उथळ तळ्यांत घेतले जाते. ऊन, शेवाळ, जीवाणू आणि मासे यांच्या एकत्रित कार्यामुळे हे पाणी काही आठवड्यांत निवळते. त्यातून शहराला मासळी मिळते व पुढे तेच पाणी भातशेतीला दिले जाते. ही व्यवस्था कोणा एका अभियंत्याने आखलेली नाही. मच्छीमार आणि शेतकरी यांनी गेल्या सुमारे शंभर वर्षांत अनुभवातून ती उभी केली असून जगातील या प्रकारच्या सर्वांत मोठ्या व्यवस्थांत तिची गणना होते.

‘पूर्व कोलकाता पाणथळ प्रदेश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भूभागाचे क्षेत्रफळ सुमारे १२,५०० हेक्टर असून तो कोलकाता, उत्तर चोवीस परगणा व दक्षिण चोवीस परगणा या जिल्ह्यांत विभागलेला आहे. त्यातील निम्म्याहून थोडे कमी क्षेत्र पाण्याखाली आहे. उरलेल्या भागात भातखाचरे, भाजीपाल्याचे मळे, गावठाणे आणि शहराची कचराभूमी यांचा समावेश होतो. सांडपाण्यावर चालणाऱ्या मत्स्यतळ्यांची संख्या अडीचशेच्या आसपास असून एक लाखाच्या आसपास लोकांची उपजीविका या प्रदेशावर अवलंबून असल्याचे मानले जाते. मत्स्योत्पादन वर्षाला दहा हजार टनांहून अधिक, तर भाजीपाल्याचे उत्पादन दररोज सुमारे दीडशे टन असल्याचे सांगितले जाते. १९ ऑगस्ट २००२ रोजी या प्रदेशाचा समावेश ‘रामसर’ आंतरराष्ट्रीय कराराखालील महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या यादीत करण्यात आला.

रामसर यादीतील बहुतेक स्थळे पक्ष्यांसाठी अथवा वनस्पतींच्या विविधतेसाठी निवडली जातात. कोलकात्याच्या या स्थळाचे वेगळेपण असे, की येथे माणसाने पाणथळ जागेचा केलेला शहाणपणाचा उपयोग हाच निवडीचा प्रमुख आधार होता.

शहराचा उतार आणि एका नदीचा अंत

समुद्राजवळच्या गाळाच्या प्रदेशात नदी आपल्याच गाळाने काठ उंचावत जाते. त्यामुळे काठ उंच आणि काठापासून दूरची जमीन सखल, अशी रचना तयार होते. कोलकाता हुगळी नदीच्या पूर्व काठावर वसले आहे. साहजिकच शहराचा उतार नदीकडे नसून तिच्या उलट दिशेला, म्हणजे पूर्वेकडे आहे. पश्चिमेकडील नदीत सांडपाणी सोडणे म्हणजे ते चढावर नेणे, आणि शिवाय पिण्याचे पाणीही त्याच नदीतून उचलले जाते. पूर्वेला मात्र खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण सरोवरे होती आणि त्यांच्यापलीकडे विद्याधरी ही भरती-ओहोटीची नदी वाहत होती.

शहराचे अभियंता विल्यम क्लार्क यांनी १८५० च्या दशकात भूमिगत गटारांची जी योजना आखली, ती याच उतारावर आधारलेली होती. विटांच्या कमानदार गटारांतून सांडपाणी पूर्वेकडील उदंचन केंद्रांपर्यंत आणून तेथून विद्याधरीत सोडण्याची ही योजना १८७० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर पूर्ण झाली. त्या विटांच्या गटारांचा काही भाग दुरुस्त्या व आतून नवे अस्तर यांच्या आधारे आजही वापरात आहे.

विद्याधरीला मात्र हा भार पेलवला नाही. वरून येणारा गोड्या पाण्याचा प्रवाह तुटला होता, खालून भरतीबरोबर गाळ येत होता आणि पात्राभोवतीची सखल जमीन बांध घालून अडवली गेल्याने भरतीच्या पाण्याला पसरण्यास जागा उरली नव्हती. १९२८ मध्ये ही नदी मृत झाल्याचे शासनाने अधिकृतपणे जाहीर केले. त्यामुळे एका वाढत्या महानगराचे सांडपाणी वाहून नेणारा मार्गच बंद झाला. पुढे कोलकाता महानगरपालिकेचे अभियंता डॉ. बी. एन. डे यांच्या योजनेनुसार कोरड्या ऋतूतील सांडपाणी आणि पावसाळी पाणी यांच्यासाठी दोन स्वतंत्र कालवे खोदण्यात आले व १९४३ मध्ये सांडपाण्याचा मार्ग अधिक पूर्वेकडील कुल्टी नदीकडे वळवण्यात आला.

नदीच्या अंताचा आणखी एक परिणाम झाला. भरतीचे पाणी येणे थांबल्याने खारी सरोवरे हळूहळू गोडी होऊ लागली आणि खाऱ्या पाण्यातील मासे नाहीसे झाले. तळ्यांचे मालक आणि मच्छीमार यांच्यासमोर दोनच पर्याय उरले होते: जमीन कोरडी करून भात लावणे किंवा जवळून वाहणारे शहराचे सांडपाणी तळ्यात घेऊन पाहणे. १९३० च्या सुमारास काहींनी दुसरा प्रयोग केला. तो यशस्वी होताच आसपासच्या तळ्यांनी त्याचे अनुकरण केले. कालव्यांची १९४३ मधील योजना पूर्ण झाल्यावर पाण्याचा नियमित पुरवठा मिळू लागला आणि सांडपाण्यावरील मत्स्यशेतीचा विस्तार झाला.

भेडीत पाणी कसे निवळते

या तळ्यांना बंगालीत ‘भेडी’ म्हणतात. गोव्यातील व कोकणातील ‘खाजण’ ज्यांना परिचित आहे, त्यांना या रचनेची कल्पना करणे अवघड जाणार नाही. मातीचे बांध, पाणी आत घेण्यासाठी व बाहेर सोडण्यासाठी दारे, आणि बांधांची देखभाल करणाऱ्यांचे सामूहिक ज्ञान या तीन गोष्टी दोन्हीकडे सारख्या आहेत. फरक इतकाच, की खाजणात दार उघडले की खाडीचे पाणी आत येते, भेडीत शहराचे.

भेडीची खोली साधारणतः अर्धा ते दीड मीटर असते. ही उथळता मुद्दाम राखली जाते, कारण सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचला पाहिजे. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्याचे विघटन जीवाणू करतात. या विघटनासाठी लागणारा प्राणवायू यांत्रिक केंद्रात विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी पाण्यात मिसळला जातो. भेडीत तो सूक्ष्म शेवाळ तयार करते. जीवाणूंनी मोकळी केलेली नत्र व स्फुरद ही पोषकद्रव्ये शेवाळाला मिळतात आणि शेवाळाने सोडलेला प्राणवायू जीवाणूंना मिळतो. या देवाणघेवाणीत सांडपाण्याचा दूषितपणा झपाट्याने घटतो. आतड्यांतील रोगजंतूंचे निदर्शक मानल्या जाणाऱ्या कोलिफॉर्म जीवाणूंचे प्रमाणही प्रखर ऊन व पाण्यातील बदलत्या रासायनिक स्थितीमुळे मोठ्या प्रमाणात कमी होत असल्याचे अभ्यासांत आढळले आहे.

मात्र शेवाळ बेसुमार वाढले तर तेच घातक ठरते. दिवसा प्राणवायू देणारे शेवाळ रात्री तो शोषून घेते आणि पहाटेच्या वेळी मासे गुदमरतात. हा समतोल मासेच राखतात. रोहू, कटला, मृगळ, सिल्व्हर कार्प, तिलापिया अशा निरनिराळ्या थरांत व निरनिराळ्या आहारावर जगणाऱ्या जाती एकत्र सोडल्या जातात. त्या शेवाळ आणि प्लवक खाऊन त्यांची वाढ मर्यादेत ठेवतात. अशा रीतीने सांडपाण्यातील जे द्रव्य नदीत गेले असते तर प्रदूषण ठरले असते, ते येथे माशांच्या शरीरात जाते.

वर्षाचा क्रम ठरलेला आहे. थंडीत तळे कोरडे केले जाते. तळाचा चिखल उन्हात वाळवून नांगरला जातो, साचलेला गाळ काढून बांधांवर टाकला जातो, चुना मिसळला जातो. मोहाच्या पेंडीचा उपयोग करून नको असलेले मासे व किडे काढून टाकण्याची पद्धतही रूढ आहे. त्यानंतर सांडपाणी घेऊन ते सुमारे दोन ते तीन आठवडे तसेच उन्हात राहू देतात व मधूनमधून ढवळतात. पाण्याचा काळपट रंग जाऊन त्याला हिरवट छटा आली, की थोडे मासे चाचणीसाठी सोडले जातात. ते जगले तरच बाकीचे बीज सोडले जाते. पुढे वर्षभर ठरावीक अंतराने थोडे थोडे सांडपाणी आत घेतले जाते. किती घ्यायचे हे पाण्याचा रंग, वास व माशांची हालचाल यांवरून अनुभवी मजूर ठरवतो. शुद्धीकरण केंद्राच्या भाषेत सांगायचे तर प्रयोगशाळा आणि नियंत्रण कक्ष ही दोन्ही कामे हा मजूरच करतो. मजुरांच्या हजेरीपटावर मात्र या कौशल्याचा वेगळा रकाना नसतो.

बांधालगत जलपर्णीचा पट्टा राखण्याची प्रथाही अशाच अनुभवातून आलेली आहे. महाराष्ट्रातील नद्यांमध्ये जलपर्णी ही डोकेदुखी मानली जाते व ती काढण्यासाठी पालिका दरवर्षी खर्च करतात. भेडीत मात्र तिला बांबूच्या आधाराने काठाशीच रोखून ठेवले जाते. तेथे ती लाटांच्या माऱ्यापासून बांधाचे रक्षण करते, उन्हात माशांना सावली देते आणि काही प्रमाणात जड धातूही शोषून घेते.

धापा येथील कचरा आणि मळे

पाणथळ प्रदेशाच्या पश्चिम कडेला धापा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालिकेने येथील जमीन घनकचरा टाकण्यासाठी घेतली. कचरा वाहून नेण्यासाठी शहरापासून धापापर्यंत स्वतंत्र लोहमार्ग टाकण्यात आला होता. तेव्हाचा कचरा मुख्यतः सेंद्रिय होता. राख, भाजीचा पाला, शेण, गवत असा हा कचरा कुजून सुपीक माती तयार झाली व तिच्यावर भाजीपाल्याची लागवड सुरू झाली. कचऱ्याच्या रांगा आणि त्यांच्यामधील सांडपाण्याची लांबट तळी अशी ही रचना असून फुलकोबी, वांगी, पालेभाज्या, मका इत्यादी पिके तेथे आलटून पालटून घेतली जातात. कोलकात्याच्या बाजारपेठांपासून हे मळे अगदी जवळ असल्याने सकाळी काढलेली भाजी त्याच दिवशी विकली जाते.

परंतु कचरा बदलला. प्लास्टिक, काच, बॅटऱ्या, रंगांचे डबे यांचे प्रमाण वाढत गेले तसा जुना मेळ बिघडला. धापा येथे शहराचा हजारो टन कचरा दररोज वर्गीकरणाविना येत राहिला. ढिगांची उंची वाढली, ढिगांना लागणाऱ्या आगींचा धूर पूर्व कोलकात्याच्या हवेत मिसळू लागला आणि ढिगांतून पाझरणारे पाणी जमिनीत मुरू लागले. जुन्या ढिगाचा एक भाग शास्त्रीय पद्धतीने आच्छादून बंद करण्यात आला व उरलेल्या जुन्या कचऱ्याचे उत्खनन करून वर्गीकरण करण्याचे काम अलीकडच्या वर्षांत हाती घेण्यात आले. कचराभूमीलगतच्या मातीत व भाज्यांत जड धातूंचे अंश आढळल्याचे अहवाल वेळोवेळी प्रसिद्ध झाले आहेत. हा प्रश्न मळेवाल्यांनी निर्माण केलेला नाही. घरोघरी ओला व सुका कचरा वेगळा न करणाऱ्या शहराने तो त्यांच्या शेतात नेऊन टाकला आहे.

नकाशा, न्यायालय आणि कायदा

स्वातंत्र्यानंतर शहर पूर्वेकडेच वाढू लागले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये उत्तरेकडील खारी सरोवरे बुजवण्याचे काम सुरू झाले. युगोस्लाव्हियातील एका कंपनीच्या साहाय्याने हुगळीच्या पात्रातील गाळ नळांवाटे आणून तेथे भर घालण्यात आली. आज विधाननगर अथवा सॉल्ट लेक म्हणून ओळखले जाणारे नियोजित उपनगर असे उभे राहिले. त्यानंतर शहराच्या पूर्व बगलेने जाणारा बायपास रस्ता झाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीला भाव आला. याच खाऱ्या सरोवरांच्या परिसरातून १९६० च्या दशकात मुंगुसाच्या एका दलदलीतील प्रकाराची नोंद शास्त्रज्ञांनी केली होती. त्याचा अधिवास तेव्हाच झपाट्याने बुजवला जात होता.

पाणथळ प्रदेशाचे महत्त्व शासनाच्या लक्षात येण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले. राज्य शासनाच्या सेवेतील अभियंता ध्रुवज्योती घोष यांच्याकडे शहराच्या सांडपाण्याच्या पुनर्वापराची शक्यता तपासण्याचे काम आले. सांडपाण्याचा मार्ग धरून पूर्वेकडे जाताना त्यांना भेड्या दिसल्या व ज्या उत्तराचा शोध घेण्यास त्यांना सांगण्यात आले होते, ते उत्तर तेथे आधीपासूनच अस्तित्वात असल्याचे आढळले. पुढील सुमारे साडेतीन दशके त्यांनी या प्रदेशाच्या अभ्यासाला व रक्षणाला वाहिली. कोलकाता हे निसर्गाच्या अनुदानावर चालणारे शहर आहे, अशी मांडणी त्यांनी केली. सांडपाण्याचे शुद्धीकरण, पुराच्या पाण्याला जागा, स्वस्त मासळी आणि भाजी या चारही गोष्टींसाठी शहर जेवढा खर्च करायला हवा होता तेवढा करत नाही, कारण तो भार पूर्वेकडील पाणथळ जागा उचलते, असा त्याचा आशय होता. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाचा ‘ग्लोबल ५००’ सन्मान त्यांना १९९० मध्ये मिळाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

घोष यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या नकाशाला लवकरच न्यायालयीन महत्त्व प्राप्त झाले. पाणथळ जागेवर व्यापार केंद्र व अन्य प्रकल्प उभारण्याच्या प्रस्तावांविरुद्ध ‘पब्लिक’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या नागरिकांच्या संस्थेने कलकत्ता उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी दिलेल्या निर्णयान्वये नकाशात दर्शवलेल्या क्षेत्रातील जमिनीचा वापर बदलण्यास मनाई करण्यात आली. एका अधिकाऱ्याने शासनासाठी काढलेला नकाशा शासनाच्याच प्रस्तावांच्या आड आला, हा या प्रकरणातील विशेष भाग होय.

२००२ मधील रामसर दर्जानंतर राज्याने ‘पूर्व कोलकाता पाणथळ प्रदेश (संवर्धन व व्यवस्थापन) अधिनियम, २००६’ हा स्वतंत्र कायदा केला व त्याखाली व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करण्यात आले. प्राधिकरणाच्या अनुमतीशिवाय जमिनीच्या स्वरूपात बदल करणे या कायद्यानुसार गुन्हा आहे. २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी व्यवस्थापनाचा कृती आराखडाही तयार करण्यात आला.

चामड्याच्या कारखान्यांचे स्थलांतर

पाण्याच्या गुणवत्तेशी थेट निगडित असलेली आणखी एक न्यायालयीन घटना येथे नोंदवणे आवश्यक आहे. तंगरा, तोपसिया, तिलजला व पगलाडांगा या पूर्व कोलकात्यातील वस्त्यांत चामडे कमावण्याचे शेकडो कारखाने होते. त्यांपैकी अनेक चिनी वंशाच्या कुटुंबांचे होते. या कारखान्यांचे क्रोमियमयुक्त पाणी शहराच्या सांडपाण्यात मिसळत असे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९६ रोजी हे कारखाने शहराबाहेर बानतला येथील चर्मोद्योग संकुलात हलवण्याचा आदेश दिला. प्रत्यक्ष स्थलांतर अनेक वर्षे रखडले. बानतला हे ठिकाणही पाणथळ प्रदेशाला लागूनच आहे. संकुलासाठी सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र असले, तरी ते केंद्र पूर्ण क्षमतेने व अखंड चालते किंवा नाही यावर कालव्यातील पाण्याची अवस्था अवलंबून राहते. शेवाळ आणि जीवाणू सेंद्रिय घाण पचवू शकतात. क्रोमियम पचवण्याची क्षमता त्यांच्यात नाही.

दार कोणी उघडायचे

कायद्याने जमिनीच्या सीमा ठरवल्या. परंतु भेडी जमिनीवर नव्हे, पाण्यावर चालते, आणि पाण्याविषयी या व्यवस्थेत तितकी स्पष्टता नाही. सांडपाणी पंपांनी उचलून कालव्यात सोडण्याचे काम महानगरपालिकेकडे आहे. कालवे व त्यांवरील दारे राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे आहेत, भेड्या खाजगी मालक, सहकारी संस्था व शासकीय महामंडळ यांच्याकडे आहेत, तर प्राधिकरणाकडे मुख्यतः जमिनीचे संरक्षण आहे.

या सर्वांच्या गरजा एकमेकींशी जुळत नाहीत. भेडीत पाणी गुरुत्वाकर्षणाने शिरते. त्यासाठी कालव्यातील पातळी भेडीहून उंच असावी लागते. पावसाळ्यात मात्र शहर तुंबू नये म्हणून कालव्याची पातळी शक्य तितकी खाली ठेवावी, असा पालिकेचा आग्रह असतो. बानतला येथील दारे किती व केव्हा उघडायची हा त्यामुळे कायमचा वादाचा विषय आहे. पातळी खाली गेली की कालव्याच्या शेवटाकडील भेड्यांना पाणी मिळत नाही. कालव्यांत साचलेला गाळ ही अडचण आणखी वाढवतो. ज्या तळ्याला सांडपाणी मिळत नाही, त्यातील माशांना बाहेरून खाद्य विकत घालावे लागते. खाद्याचा खर्च वाढला की मासळीतून मिळणारे उत्पन्न घटते. अशा वेळी शेजारच्या जमिनीला मिळणारा भाव मालकाच्या नजरेआड राहत नाही. बेकायदा भराव टाकण्याच्या अनेक प्रकरणांची सुरुवात अशा पाण्याविना राहिलेल्या तळ्यापासून होते, हे भराव हटवण्याच्या मोहिमांची चर्चा होताना सहसा लक्षात घेतले जात नाही.

भराव टाकण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. प्रथम तळ्याच्या कोपऱ्यात बांधकामाचा राडारोडा पडतो, नंतर पत्र्याचे कुंपण येते, गोदाम अथवा प्लास्टिक धुण्याचा छोटा कारखाना उभा राहतो आणि शेवटी पक्के बांधकाम होते. प्राधिकरणाने पोलिसांत शेकडो तक्रारी नोंदवल्या आहेत. बेकायदा बांधकामे पाडण्याच्या मागणीवर उच्च न्यायालयात वारंवार सुनावण्या झाल्या आहेत. पाणथळ भागावरून उड्डाणपूल नेण्याच्या प्रस्तावावरही काही वर्षांपूर्वी मोठा वाद झाला होता.

मजुरांचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. पाण्याचा रंग पाहून दार उघडण्याचे ज्ञान पुस्तकात नाही. ते बापाकडून मुलाकडे येत असे. जवळच माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये, मॉल व बांधकामे उभी राहिल्याने भेडीवरील कुटुंबांतील तरुण रखवालदारी, वाहतूक, गवंडीकाम यांकडे वळत आहेत. चिखलात उभे राहून जाळे ओढण्यापेक्षा त्या कामात पैसा नियमित मिळतो.

पाऊस आणि हिशेब

पाणथळ प्रदेशाची दुसरी सेवा अतिवृष्टीच्या वेळी लक्षात येते. शहराचे पावसाचे पाणी पूर्वेकडेच उतरते व तेथील सखल जागा ते काही काळ सामावून घेते. सप्टेंबर १९७८ मधील महापूर कोलकात्यात आजही स्मरणात आहे. २३ सप्टेंबर २०२५ रोजी दुर्गापूजेच्या तोंडावर शहरात एका रात्रीत सुमारे अडीचशे मिलिमीटर पाऊस झाला. रस्ते जलमय झाले आणि साचलेल्या पाण्यात वीजप्रवाह उतरल्याने अनेकांचा मृत्यू झाला. मुंबईतील वाचकांना २६ जुलै २००५ चा दिवस आठवेल. त्या दिवशी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती आणि मिठी नदीच्या काठच्या बुजवलेल्या खारफुटीची व दलदलीची चर्चा त्यानंतर सुरू झाली होती.

सांडपाण्याच्या बाबतीत देशातील बहुतेक शहरांची स्थिती समाधानकारक नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये घनकचरा व सांडपाणी यांच्या व्यवस्थापनातील त्रुटींबद्दल पश्चिम बंगाल शासनाला ३,५०० कोटी रुपये पर्यावरण भरपाई आकारली. राज्याच्या नागरी भागांत दररोज निर्माण होणाऱ्या २७५.८ कोटी लिटर सांडपाण्यापैकी केवळ १२६.८ कोटी लिटरवर प्रक्रिया होत असल्याचे त्या वेळी न्यायाधिकरणासमोर आले होते. त्याच महिन्यात महाराष्ट्रावर आकारण्यात आलेली रक्कम १२,००० कोटी रुपये होती. मुंबईने आपले सांडपाणी नळांवाटे किनाऱ्यापासून तीन किलोमीटरांहून अधिक अंतरावर समुद्रात सोडण्याचा मार्ग पूर्वी स्वीकारला होता. आता तेथे हजारो कोटी रुपये खर्चून सात नवी मलजल प्रक्रिया केंद्रे उभारण्यात येत आहेत.

पूर्व कोलकात्याच्या तळ्यांत दररोज जिरवल्या जाणाऱ्या सांडपाण्याचे प्रमाण ७५ कोटी लिटर वा त्याहून अधिक असल्याचे विविध अभ्यासांत नमूद आहे. एवढ्या क्षमतेची केंद्रे उभारायची झाल्यास जमीन, यंत्रसामग्री आणि कायमचे वीजबिल यांचा भार पालिकेवर पडेल. भेडीवाल्यांना मात्र या कामाबद्दल पालिकेकडून शुल्क मिळत नाही. त्यांचे उत्पन्न केवळ मासळीच्या विक्रीतून येते. पाणी शुद्ध करण्याच्या सेवेचा मोबदला त्यांना मिळावा, निदान कालव्यांतील गाळ नियमित काढला जावा व दारांची पातळी त्यांच्याशी विचारविनिमय करून ठरवली जावी, अशी मागणी मच्छीमारांच्या संस्था व अभ्यासक करत आले आहेत.

मासळीचा लिलाव पहाटे उजाडण्यापूर्वी भेड्यांलगतच्या बाजारांत होतो. जिवंत मासे पाण्याने भरलेल्या ॲल्युमिनियमच्या हंड्यांत घालून शहरात आणले जातात. मासे मरू नयेत म्हणून वाहून नेणारा माणूस हंड्यातील पाणी हाताने सतत हलवत राहतो.